नाव तेच, हात दुसरे

ओपन सोर्स पॅकेजमध्ये, म्हणजे इतरांनी लिहून खुल्या ठेवलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांमध्ये, दडवलेल्या घातक कोडविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांतून आठ पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेक पत्रे मोठी होती. जागेअभावी त्यांतला मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सर्वांसमोर असतो, त्यामुळे त्यात काही लपवणे अशक्य आहे, असे आम्हांला वर्गात सांगितले गेले. मग पॅकेजमध्ये घातक कोड सापडल्याच्या बातम्या वारंवार कशा येतात?

उत्तर : कोड सर्वांसमोर असतो हे खरे आहे, परंतु तो समोर आहे म्हणून कोणीतरी वाचलाच असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक कोठारावरचे एखादे सरासरी पॅकेज बसवले, की त्याच्या पाठोपाठ इतर 79 पॅकेजवर आणि ती सांभाळणाऱ्या 39 व्यक्तींवर आपण नकळत विश्वास टाकलेला असतो. एवढा सगळा कोड वाचून मग कामाला लागणारा प्रोग्रॅमर मी अद्याप पाहिलेला नाही, आणि मी स्वतःही तसा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर जो कोड तुम्ही वाचता, तोच तुमच्या संगणकावर उतरतो याची खात्री नसते. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती, कोडचे पॅकेज बांधून ते एनपीएम किंवा पायथॉनसाठीचे पायपीआय अशा रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेजच्या कोठारावर, चढवते. हे पॅकेज आणि रिपॉझिटरीतला, म्हणजे गिटहबवरच्या संग्रहातला, कोड एकसारखेच असले पाहिजेत, असे बंधन रजिस्ट्री घालत नाही. 2018 सालचे 'इव्हेंट-स्ट्रीम' प्रकरण या फटीतूनच घडले. त्या पॅकेजच्या मूळ लेखकाने ते वापरणे कधीच सोडून दिले होते. एका अनोळखी माणसाने ते सांभाळण्याची तयारी दाखवली आणि लेखकाने त्याला अधिकार देऊन टाकले. नव्या मेंटेनरने 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाची एक छोटी डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेज ज्यावर अवलंबून असते असे दुसरे पॅकेज, जोडली. तिचा घातक भाग आकुंचित केलेल्या, डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या फाइलमध्ये होता, आणि तोही कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला. त्या कुलपाची किल्ली म्हणून हल्लेखोराने 'कोपे' या बिटकॉइन वॉलेटच्या प्रकल्पाचे एका ओळीचे वर्णन वापरले होते. म्हणजे इतर कोणाच्याही संगणकावर तो कोड उलगडतच नसे आणि फक्त त्या एका वॉलेटचे बिल्ड होत असताना, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधला जात असताना, तो जागा होई. लक्षावधी वेळा डाउनलोड होऊनही तो सुमारे दीड महिना निर्धोक दिसत राहिला. अखेर तो पकडला गेला तो हल्लेखोराच्या एका निष्काळजीपणामुळे: कुलूप उघडण्यासाठी त्याने वापरलेले फंक्शन कालबाह्य ठरवले गेले होते, त्याची सूचना पडद्यावर उमटू लागली, आणि ती सूचना कोठून येते याचा काही जणांनी पिच्छा पुरवला.

डोळ्यांसमोरच्या कोडमध्येही लपवाछपवी करता येते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2021 साली दाखवून दिले की उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी युनिकोडमध्ये जी अदृश्य दिशाचिन्हे आहेत, ती कोडमध्ये पेरली तर माणसाला एक क्रम दिसतो आणि कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, दुसराच क्रम वाचतो. इतके कष्ट न घेणारे हल्लेखोर निरुपद्रवी ओळीच्या शेवटी शेकडो मोकळ्या जागा टाकतात आणि आपला कोड पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे ढकलतात. खरे सांगायचे तर ही बाळबोध युक्तीसुद्धा आजही खपून जाते.

आपल्या शिक्षकांचे म्हणणे मी असे दुरुस्त करीन: खुल्या कोडमधली लबाडी शोधणे शक्य असते, बंद कोडमधली शोधणे बाहेरच्यांना जवळजवळ अशक्य असते. या शक्यतेलाही मर्यादा आहे. केन थॉम्पसन यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात असा कंपायलर कसा रचता येतो ते दाखवले होते, की जो कोडमध्ये कोठेही न दिसणारे चोरदार स्वतःच्या पुढच्या प्रत्येक पिढीत उतरवत जाईल. ते व्याख्यान अवघ्या काही पानांचे आहे. परीक्षेच्या आधी एकदा वाचाच.

प्रश्न : मी वेब डेव्हलपर आहे. एखादे पॅकेज मी नुसते बसवले आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये त्यातले एकही फंक्शन वापरले नाही, तरी धोका असतो का? माझ्या सहकाऱ्यांच्या मते चालवल्याशिवाय कोड काही करू शकत नाही.

उत्तर : सहकाऱ्यांचे तत्त्व बरोबर आहे, मात्र बसवणे म्हणजेच अनेकदा चालवणे असते, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. एनपीएमच्या पॅकेजला 'प्रीइन्स्टॉल' आणि 'पोस्टइन्स्टॉल' नावाच्या स्क्रिप्ट जोडता येतात आणि त्या बसवण्याच्या आधी व नंतर, तुम्हांला न विचारता, तुमच्याच अधिकारांनिशी चालतात. ही सोय वाईट हेतूने केलेली नाही. काही पॅकेजना आपला सी भाषेतला भाग त्या-त्या संगणकावर कंपाइल करून घ्यावा लागतो. पायथॉनमध्ये 'व्हील' या आधीच बांधून ठेवलेल्या स्वरूपातले पॅकेज बसवताना त्यातला कोड चालत नाही, परंतु जुन्या पद्धतीच्या स्रोत-पॅकेजमधली 'सेटअप' फाइल चालते, आणि पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला केवळ डाउनलोड करायला सांगितले तरी पॅकेजची माहिती काढण्यासाठी ती चालू शकते. ऑक्टोबर 2021 मध्ये 'यूए-पार्सर-जेएस' या अतिशय लोकप्रिय पॅकेजच्या मेंटेनरचे खाते बळकावून त्याच्या तीन घातक आवृत्त्या चढवल्या गेल्या. त्या जेमतेम चार तास उपलब्ध होत्या. तेवढ्या वेळात ज्यांनी पॅकेज बसवले, त्यांच्या लिनक्स किंवा विंडोज संगणकावर क्रिप्टो-मायनर, म्हणजे हल्लेखोरासाठी क्रिप्टो-चलन कमावणारा प्रोग्रॅम, आला आणि विंडोज असेल तर सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही आला. त्यांच्यापैकी कोणी त्यातले फंक्शन वापरले की नाही, याला काही महत्त्वच उरले नव्हते.

असा कोड सहसा काय शोधतो, हेही माहीत असलेले बरे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले (प्रोग्रॅमना पुरवलेल्या सेटिंगमधले) पासवर्ड, एसएसएचच्या (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या पद्धतीच्या) खासगी किल्ल्या, क्लाउडची ओळखपत्रे, एनपीएम आणि गिटहबची टोकन (पासवर्डऐवजी चालणारे परवाने), ब्राउझरमधली वॉलेट या गोष्टींवर त्याची नजर असते. डेव्हलपरच्या संगणकावर हे सगळे एकत्र सापडते, म्हणूनच हल्लेखोराला सर्व्हरपेक्षा तुमच्या लॅपटॉपमध्ये अधिक रस असतो.

पॅकेजच्या नावातच फसगत होण्याचे प्रकारही बरेच आहेत. 2017 साली 'क्रॉस-एन्व्ह' या पॅकेजमधली आडवी रेघ गाळून 'क्रॉसएन्व्ह' नावाचे पॅकेज चढवले गेले होते. ते मूळ पॅकेजचे सगळे काम नीट करून देई आणि जाता जाता तुमची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल परक्या सर्व्हरला पाठवी. 2021 साली ॲलेक्स बिर्सन या संशोधकाने आणखी एक मार्ग दाखवला. कंपन्यांची अंतर्गत पॅकेज ज्या नावांची असतात त्याच नावांची, पण आवृत्तीचा आकडा मोठा असलेली पॅकेज त्याने सार्वजनिक रजिस्ट्रीवर ठेवली, आणि 35 हून अधिक मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांनी घरचे सोडून बाहेरचे उचलले. त्याने हे प्रामाणिकपणे केले आणि बक्षिसेही मिळवली. परंतु डिसेंबर 2022 मध्ये 'पायटॉर्च' या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या रोज निघणाऱ्या चाचणी-आवृत्तीला 'टॉर्चट्रायटन' या नावाने नेमका असाच फटका बसला. आता यात भर पडली आहे ती कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांची. ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव आत्मविश्वासाने सुचवतात, तेच नाव पुन्हा पुन्हा सुचवतात, आणि कोणीतरी ते नाव आधीच नोंदवून वाट पाहत बसू शकते. तेव्हा एआयने सुचवलेले नाव टर्मिनलमध्ये उतरवण्याआधी रजिस्ट्रीच्या पानावर जाऊन ते पॅकेज किती जुने आहे आणि कोणाचे आहे, एवढे तरी पाहावे.

तुमच्यासाठी लगेच करण्याजोगी गोष्ट एकच सांगतो. एनपीएममध्ये 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' ही सेटिंग चालू करा आणि ज्या दोन-चार पॅकेजना स्क्रिप्ट खरोखर लागतात त्यांना वेगळी परवानगी द्या. 'पीएनपीएम' या एनपीएमच्या पर्यायी साधनाने 2025 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या आहेत, आणि मला ते धोरण अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : मूळ लेखकानेच स्वतःच्या पॅकेजमध्ये जाणूनबुजून बिघाड केला, तर त्याला घातक कोड म्हणावे का? पॅकेज त्याचेच आहे.

उत्तर : म्हणावे. जानेवारी 2022 मध्ये 'कलर्स' या पॅकेजच्या लेखकाने त्यात कधीही न थांबणारे आवर्तन घातले आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोग्रॅम निरर्थक अक्षरे छापत बसले. मोठ्या कंपन्या आपले काम फुकट वापरतात, हे त्याचे गाऱ्हाणे होते आणि ते अगदीच निराधार नव्हते. मार्च 2022 मधले 'नोड-आयपीसी' प्रकरण याहून गंभीर आहे. युद्धाचा निषेध म्हणून त्याच्या मेंटेनरने असा कोड घातला, की संगणकाचा आयपी पत्ता रशियातला किंवा बेलारूसमधला दिसला तर त्यावरच्या फाइलींवर हृदयाचे चिन्ह लिहून त्या पुसल्या जाव्यात. आयपी पत्त्यावरून माणसाची बाजू कळत नाही. ओपन सोर्सच्या परवान्यात 'कोणतीही हमी नाही' असे लिहिलेले असते हे मान्य. पण हमी न देण्याची मुभा म्हणजे दुसऱ्याच्या फाइली नष्ट करण्याची मुभा होत नाही.

प्रश्न : मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो. 2024 सालच्या 'एक्सझेड' प्रकरणाविषयी तुकड्यातुकड्यांनी वाचले आहे. ते नेमके कसे घडले, आणि मेंटेनरने इतका विश्वास टाकला यात त्याची चूक मानावी का?

उत्तर : 'एक्सझेड युटिल्स' हे फाइली आकुंचित करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात असते आणि अनेक वर्षे ते एकच व्यक्ती, फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होती. 2021 मध्ये 'जिया टॅन' या नावाचे खाते तेथे पॅच, म्हणजे कोडमधल्या सुधारणा, पाठवू लागले. पॅच चांगले होते. 2022 मध्ये इतर काही, पूर्वी कधी न दिसलेल्या नावांनी मेंटेनरला उद्देशून तक्रारीचा सूर लावला: पॅच पडून राहतात, प्रकल्प थंडावला आहे, नवा मेंटेनर नेमा. मेंटेनरने प्रकृतीच्या अडचणी सांगितल्या, हे बिनपैशाचे छंदाचे काम आहे याची आठवण करून दिली, आणि हळूहळू जिया टॅनकडे अधिकार जाऊ दिले. ती तक्रार करणारी नावे पुढे दिसेनाशी झाली. हा सगळा एकाच कटाचा भाग असावा असे बहुतेक जाणकार मानतात, आणि घटनांचा क्रम पाहता मलाही तसेच वाटते.

अधिकार मिळाल्यावरही वर्षभर घाई केली गेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 ही आवृत्ती आली आणि मार्चमध्ये 5.6.1. आकुंचन करणाऱ्या साधनाला चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लागतातच. घातक कोड अशाच दोन चाचणी-फाइलींच्या पोटात ठेवला होता, जेथे निरर्थक बाइट दिसले तरी कोणी भुवई उंचावणार नाही. तो बाहेर काढून बिल्डमध्ये मिसळणारी ओळ गिटच्या रिपॉझिटरीत नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. शिवाय डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज 64 बिटच्या इंटेल-वळणाच्या लिनक्सवर बांधले जात असेल, तरच हा खेळ सुरू होई. एसएसएच सर्व्हरचा एक्सझेडशी थेट संबंध नाही, परंतु काही वितरणे त्याला सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या लायब्ररीशी जोडतात आणि ती लायब्ररी एक्सझेडची लायब्ररी ओढून आणते. या आडवाटेने तो कोड लॉगिनची स्वाक्षरी तपासणाऱ्या फंक्शनपर्यंत पोहोचला. हल्लेखोराकडे असलेली खासगी किल्ली वापरून कोणी आले, तर लॉगिन होण्याआधीच त्याचा आदेश चालवावा, एवढेच त्याचे काम होते. इतरांसाठी ते दार बंदच राहणार होते. म्हणजे चोराने आपल्या चोरदाराला कुलूपही उत्तम लावले होते.

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील त्या मुख्य कोडमध्ये नाहीच. लिनक्समध्ये प्रोग्रॅमला कुंपणात ठेवणारी 'लँडलॉक' नावाची सोय आहे. ती उपलब्ध आहे का हे पाहणाऱ्या बिल्डच्या चाचणीत एक एकटे टिंब टाकलेले होते. त्या टिंबामुळे चाचणीचा कोड कधीच कंपाइल होत नसे, आणि बिल्ड यंत्रणा 'सोय उपलब्ध नाही' असे समजून कुंपणाशिवाय पुढे जाई. पॅच वाचणाऱ्याने ते टिंब पाहिले असते, तरी त्याला ते पडद्यावरचा धुळीचा कण वाटले असते.

29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघड केले. ते सुरक्षा-तज्ज्ञ म्हणून काम करत नव्हते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेताना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे आणि प्रोसेसर विनाकारण राबतो आहे, हे त्यांना खटकले. तोपर्यंत ती आवृत्ती डेबियन, फेडोरा वगैरे वितरणांच्या चाचणी शाखांत पोहोचली होती, स्थिर शाखांत नव्हती. धोक्याची तीव्रता मोजण्याच्या पट्टीवर या त्रुटीला 10 पैकी 10 गुण मिळाले.

आता चुकीविषयी. थकलेल्या माणसाने, दीर्घकाळ चांगले काम करून दाखवणाऱ्या सहकाऱ्यावर विश्वास टाकला, याला मी चूक म्हणणार नाही; त्याच्या जागी आपल्यापैकी बहुतेकांनी तेच केले असते. ज्यांची यंत्रणा त्याच्या कामावर उभी होती आणि ज्यांनी ते काम कोण, किती जण, कोणत्या अवस्थेत करतात हे कधी विचारले नाही, त्यांच्याकडे बोट दाखवणे अधिक न्यायाचे होईल. त्यांत मोठ्या कंपन्या येतात, आणि सर्व्हर सांभाळणारे तुम्ही-आम्हीही येतो.

प्रश्न : माझे एक लहान पॅकेज बऱ्यापैकी वापरले जाते. एका अपरिचित व्यक्तीने ते सांभाळायला मदत करण्याची इच्छा दाखवली आहे. वरच्यासारख्या गोष्टी ऐकून भीती वाटते. माझ्या खात्याला दुहेरी पडताळणी आहे. तेवढे पुरे आहे का?

उत्तर : मदत नाकारू नका, परंतु मदत आणि मालकी एकाच दिवशी देऊ नका. कोड तपासून स्वीकारण्याचा अधिकार आणि रजिस्ट्रीवर आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार वेगळे ठेवता येतात. दुसरा अधिकार शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवला तरी कोणी प्रामाणिक माणूस रुसणार नाही. घाई करणाऱ्याला, विशेषतः तिऱ्हाईत नावांकडून घाई करवणाऱ्याला, मात्र सरळ नाही म्हणा. पॅकेज सांभाळायचा कंटाळाच आला असेल, तर ते 'यापुढे सांभाळले जाणार नाही' असे जाहीर करून गोठवणे हा पूर्णपणे सन्मान्य मार्ग आहे. ज्याला हवे असेल तो नव्या नावाने ते पुढे नेईल, आणि वापरणाऱ्यांना निदान कळेल की हात बदलला आहे. नाव तेच ठेवून हात बदलला, तर ते कोणालाच कळत नाही.

दुहेरी पडताळणीविषयी सांगायचे, तर ती कोणती आहे यावर उत्तर अवलंबून आहे. सप्टेंबर 2025 मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' यांच्यासह 18 पॅकेज ज्याच्या खात्यातून बिघडवली गेली, त्या मेंटेनरकडेही दुहेरी पडताळणी होती. रजिस्ट्रीसारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून त्याला मेल आला की पडताळणीची माहिती अद्ययावत करा, नाहीतर खाते बंद होईल. त्याने बनावट पानावर पासवर्ड आणि सहा आकडी कोड दोन्ही भरले आणि ते त्याच क्षणी खऱ्या ठिकाणी वापरले गेले. त्या पॅकेजचे एकत्रित डाउनलोड आठवड्याला 200 कोटींहून अधिक होते. सहा आकडी कोड माणसाकडून काढून घेता येतो; हार्डवेअर किल्ली किंवा पासकी बनावट पत्त्यावर काम करतच नाही, म्हणून ती वापरावी. दीर्घ मुदतीचे टोकन संगणकावर ठेवण्याऐवजी 'ट्रस्टेड पब्लिशिंग' (बिल्ड यंत्रणेला थोड्या वेळापुरतीच परवानगी देणारी सोय) वापरले, तर चोरण्याजोगे टोकनच मागे राहत नाही. ही सोय पायपीआयवर 2023 पासून आणि एनपीएमवर 2025 पासून आहे. चोरलेल्या टोकनने काय होते, ते त्याच सप्टेंबरमध्ये 'शाय-हुलुद' या नावाने पसरलेल्या वर्मने, म्हणजे स्वतःहून पसरत जाणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, दाखवले: एका मेंटेनरचे टोकन मिळाले की तो त्याच्या इतर पॅकेजमध्ये स्वतःला घालून ती प्रसिद्ध करी, आणि तेथून पुढच्या मेंटेनरकडे जाई. 500 हून अधिक पॅकेज अशी बाधित झाली.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब: खात्याला जोडलेला ईमेल तुमच्या स्वतःच्या डोमेनवर असेल, तर त्या डोमेनचे नूतनीकरण विसरू नका. 2022 मध्ये पायपीआयवरचे 'सीटीएक्स' पॅकेज असेच हातचे गेले. मेंटेनरच्या डोमेनची मुदत संपली, कोणीतरी ते विकत घेतले, 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबले आणि खाते ताब्यात घेतले.

प्रश्न : मी प्रोग्रॅमर नाही. माझ्या फोनमध्ये अशी पॅकेज असतात का, आणि मी काय करावे?

उत्तर : असतात, जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये. त्यांची तपासणी आपल्या हातात नाही, ती ॲप बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. क्रिप्टो-चलन पाठवत असाल तर पत्ता फक्त पहिल्या आणि शेवटच्या चार अक्षरांवरून ओळखू नका. वर सांगितलेल्या 'चॉक' प्रकरणातला कोड मूळ पत्त्याच्या जागी त्याच्याशी मिळताजुळता असा हल्लेखोराचा पत्ता निवडून घालत होता.

प्रश्न : आमच्या कंपनीत प्रत्येक अपडेट ज्या दिवशी येते त्याच दिवशी घ्यावे, असा सुरक्षेचा नियम आहे. आता काही जण नवी आवृत्ती काही दिवस घेऊ नये असे सांगतात. दोन्ही सल्ले बरोबर कसे असतील?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या आजारांवरचे आहेत. डिसेंबर 2021 मध्ये 'लॉगफोरजे' या लायब्ररीत सापडलेली त्रुटी ही चूक होती, कोणी पेरलेली नव्हती. अशी त्रुटी जाहीर झाली की सारे जग तिचा गैरफायदा घेऊ लागते आणि दुरुस्ती घ्यायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर महागात पडतो. घातक आवृत्तीचे याच्या उलट असते. ती सर्वांत धोकादायक असते तिच्या पहिल्या काही तासांत. 'यूए-पार्सर-जेएस'चे चार तास वर आलेच आहेत. 'चॉक'च्या बाबतीत सुमारे दोन तासांत ओरड झाली. त्या दिवशी ज्यांनी काहीच केले नाही, ते सुरक्षित राहिले.

तेव्हा नियम असा करावा: ज्या आवृत्तीत जाहीर झालेल्या त्रुटीची दुरुस्ती आहे, ती लगेच घ्यावी, बाकी सर्व आवृत्त्या काही दिवस जुन्या झाल्याशिवाय घेऊ नयेत. 'पीएनपीएम'मध्ये 2025 पासून आवृत्तीचे किमान वय ठरवण्याची सेटिंग आहे. मात्र अनेक कंपन्यांत खरी गडबड याच्याही आधी होते. डिपेंडन्सीच्या आकड्याआधी टोपीसारखे चिन्ह असते, त्याचा अर्थ 'यापुढची सुसंगत आवृत्ती चालेल' असा होतो, आणि बिल्ड सर्व्हर दर वेळी नवी आवृत्ती निमूटपणे उचलतो. अपडेट घ्यायचे असे कोणी ठरवलेलेच नसते. लॉकफाइल, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांची नोंद असलेली फाइल, रिपॉझिटरीत ठेवा आणि बिल्ड सर्व्हरवर 'इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' हा आदेश वापरा. तो लॉकफाइलमध्ये लिहिलेल्याच आवृत्त्या घेतो, त्यांचे हॅश (फाइलींचे आकडी ठसे) जुळवतो आणि विसंगती दिसली तर थांबतो. पायथॉनमध्येही पिपला हॅश जुळवण्याची सक्ती करता येते. गिटहब ॲक्शन, म्हणजे गिटहबवर आपोआप चालणारी तयार कामे, हीही आवृत्तीच्या नावाने न घेता कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशने घ्या. मार्च 2025 मध्ये 'टीजे-ॲक्शन्स'च्या जुन्या आवृत्त्यांची नावेच घातक कमिटकडे वळवली गेली होती, आणि 23,000 हून अधिक रिपॉझिटरी ती ॲक्शन वापरत होत्या.

या उपायाची मर्यादाही सांगायला हवी. 2015 ते 2019 या काळातल्या 174 घातक पॅकेजच्या एका अभ्यासात अशी पॅकेज सरासरी 209 दिवस उपलब्ध राहिल्याचे आढळले होते, आणि 'इव्हेंट-स्ट्रीम' काय किंवा एक्सझेड काय, आठवडाभर थांबून कोणीही वाचले नसते. लोकप्रिय पॅकेजवर आता स्वयंचलित तपासणी करणाऱ्यांची नजर असते, म्हणून तेथे थांबणे फळते. कोपऱ्यातल्या पॅकेजला ते लागू नाही. सगळेच थांबले तर पकडणार कोण, हा आक्षेपही रास्त आहे. फ्रॉइंड हे डेबियनची अस्थिर शाखा चालवत होते म्हणूनच त्यांना तो अर्धा सेकंद दिसला. पण ते काम चाचणीच्या संगणकावर व्हावे; ग्राहकांची माहिती असलेल्या सर्व्हरवर ते करण्याचे कारण नाही.

प्रश्न : घातक पॅकेज आपल्या संगणकावर येऊन गेल्याचे नंतर कळले, तर ते काढून टाकणे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. पॅकेज काढल्याने चोरीला गेलेले परत येत नाही, आणि त्याने मागे ठेवलेले निघूनही जात नाही. प्रथम तो संगणक नेटवर्कपासून तोडा. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून, त्या यंत्रावर जी जी टोकन, किल्ल्या आणि पासवर्ड होते ते सर्व रद्द करून नवे घ्या. बाधित संगणकावरूनच नवे टोकन घेतले, तर तेही त्याच वाटेने जाते. पासवर्ड बदलल्याने जुनी टोकन आपोआप रद्द होतात असे समजू नका, ती यादी उघडून एकेक रद्द करावी लागतात. तुम्ही स्वतः पॅकेज प्रसिद्ध करत असाल तर तुमच्या नावाने तुम्हांला माहीत नसलेली आवृत्ती निघाली आहे का ते पाहा, आणि गिटहबच्या खात्यात अनोळखी रिपॉझिटरी किंवा वर्कफ्लो आहेत का तेही पाहा, कारण 'शाय-हुलुद' चोरलेली माहिती मेंटेनरच्याच खात्यात सार्वजनिक रिपॉझिटरी काढून तेथे ठेवत असे. बिल्ड सर्व्हरवर तेच पॅकेज आले होते का, हे त्या दिवसाच्या लॉकफाइलवरून आणि लॉगवरून ताडून पाहा; आले असेल तर त्या काळात तेथे बांधलेली प्रत्येक आवृत्ती मागे घेऊन नव्याने बांधावी लागेल. संगणक शेवटी पुसून नव्याने उभारा, परंतु डिस्कची एक प्रत आधी काढून ठेवा. काय गेले याचा शोध घेण्याची वेळ आली, तर ती लागेल.